बंद करायची चिठ्ठी

एप्रिल-मेमध्ये देवगड तालुक्यात कंबर न दुखणारा माणूस शोधूनही सापडायचा नाही. आंबा उतरवायचा तो घळाने, म्हणजे जाळी लावलेल्या लांब काठीने, तासन् तास मान वर करून. भरलेले क्रेट कमरेत वाकून उचलायचे आणि चिऱ्याच्या पायऱ्यांवरून घरापर्यंत आणायचे. पेट्या भरायच्या त्या पडवीत जमिनीवर बसून. संध्याकाळी घराघरातून बामाचा वास येतो. आंब्याचा वास आम्हाला तोवर येईनासा झालेला असतो. तक्रार मात्र कुणी करत नाही, कारण हंगाम तेवढाच आणि वाशीच्या बाजाराचा दर रोज बदलणारा. दुखणं पावसात बघू. पावसात लावणी येते, म्हणजे पुन्हा वाकणं आलं. मग गणपतीनंतर बघू.

आमच्या आईचंही असंच 'बघू' चालू होतं. पेट्या भरण्यात ती पटाईत. फळ तळहातावर घेतलं की हे चार डझनीत, हे पाच डझनीत, असं न तोलता सांगते. एका हंगामात तिच्या कमरेतून निघालेली कळ मांडीच्या मागून पोटरीत आणि पोटरीतून पायाच्या अंगठ्यापर्यंत उतरू लागली. उंडीचं तेल झालं, निर्गुडीच्या पाल्याचा शेक झाला, कुणीतरी सांगितलेला हाडवैद्य झाला. जून उजाडेपर्यंत तिला बसताही येईना आणि निजताही येईना. रात्रभर ती माजघरात भिंतीला धरून उभी असायची. शेवटी भावाने गाडी करून तिला घाटावर, हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. एमआरआय झाला. चकती सरकून नस दाबली गेल्याचं कळलं. ऑपरेशन एवढ्यात नको असं ठरलं आणि गोळ्या लिहून मिळाल्या: ट्रॅमाडॉल आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली एक, प्रीगॅबालिनची एक, आणि पित्ताची एक.

हे आधीच सांगून ठेवते की गोळ्यांनी काम केलं. आठवडाभरात आई आडवी होऊन झोपली. पंधरवड्यात परसातल्या भेंड्या काढायला गेली. मी कुडाळला असते. फोनवर तिचा आवाज बदललेला ऐकून मला रडू आलं होतं. गोळ्यांना सरसकट शिव्या देणाऱ्या माणसांनी एक रात्र तिच्याबरोबर त्या भिंतीपाशी काढावी, मग बोलावं.

अडचण वेगळी होती. गोळी कधी घ्यायची, जेवणाआधी की नंतर, सकाळी किती, रात्री किती, हे सगळं लिहिलेलं होतं. कधी आणि कशी थांबवायची हे कुठेच नव्हतं. 'महिन्याने दाखवा' एवढंच होतं. महिन्याने दाखवायचं म्हणजे पावसाळ्यात घाट चढायचा, दिवस मोडायचा, गाडीचं भाडं द्यायचं. दुखणं कमी असेल तर कोण जातं? आमच्या बाजारपेठेतला मेडिकलवाला आईला काकी म्हणतो. चिठ्ठी जुनी झाली हे तो प्रत्येक वेळी सांगायचा, आणि प्रत्येक वेळी पट्टी काढून द्यायचा. मी त्याला दोष देत नाही, म्हणजे पूर्ण देत नाही. समोर उभ्या असलेल्या, रात्रभर उभं राहिलेल्या म्हातारीला नाही म्हणायला जो कोरडेपणा लागतो तो त्याच्यात नाही, आणि तो असता तर त्याचं दुकान आमच्या गावात चाललंही नसतं.

पण त्या पट्टीवर काय छापलेलं असतं ते मी नंतर एकदा उजेडात धरून वाचलं. औषधाच्या नावाशेजारी लाल अक्षरांत एनआरएक्स, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यातल्या औषधाची खूण. खाली लाल चौकट, आणि चौकटीत मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं की वैद्यकीय सल्ल्याशिवाय हे घेणं धोक्याचं आहे आणि नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ते विकू नये. आईला इंग्रजी येत नाही. आली असती तरी ती अक्षरं दिसली नसती. तिच्या लेखी ती 'पांढरी लांबट' आणि दुसरी 'नसेची'.

पांढऱ्या लांबटची हकीकत अशी. ट्रॅमाडॉल जर्मनीतल्या ग्रुनेन्थाल कंपनीने १९६२ च्या सुमारास तयार केलं आणि १९७७ मध्ये तिथल्या बाजारात आणलं. गोत्र अफूचं, पण जन्म कारखान्यातला. मेंदूत आणि मज्जारज्जूत मॉर्फिन जिथे जाऊन चिकटतं तिथेच हेही चिकटतं, फक्त फार कमी जोराने. म्हणून कित्येक वर्षं त्याची ख्याती 'सौम्य' अशी राहिली, आणि मॉर्फिन लिहिताना ज्यांचा हात थांबतो असे डॉक्टरही हे सहज लिहू लागले. त्यातली गोम अशी की खरं जोरकस काम ट्रॅमाडॉल स्वतः करत नाही. यकृत त्याचं रूपांतर करून जे दुसरं रसायन बनवतं ते करतं. हे रूपांतर कुणाच्या शरीरात झपाट्याने होतं, कुणाच्या जवळजवळ होतच नाही. एकाच गोळीने एक जण गुंगून पडतो आणि दुसरा म्हणतो, काही फरक नाही. लहान मुलांच्या बाबतीत ही अनिश्चितता इतकी धोक्याची ठरली की अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये बारा वर्षांखालच्या मुलांना ते देऊच नये असं सांगितलं. शिवाय ट्रॅमाडॉलचं दुसरंही एक अंग आहे. सेरोटोनिन आणि नॉरअॅड्रेनॅलिन ही मेंदूतली निरोप पोचवणारी रसायनं पुन्हा शोषली जाण्याला ते अडवतं. नैराश्यावरच्या काही गोळ्या करतात तेच काम. म्हणजे खाणाऱ्याला एक गोळी दिसते, शरीराला दोन औषधं पोचतात, आणि एके दिवशी गोळी थांबली की दोन्ही एकदम थांबतात.

आपल्याकडे कायद्याला हे उशिरा का होईना कळलं. मार्च २०१४ पासून ट्रॅमाडॉल 'एच-वन' यादीत आहे. दुकानदाराने वेगळी वही ठेवायची, रुग्णाचं आणि डॉक्टरचं नाव लिहायचं, ती तीन वर्षं जपायची. एप्रिल २०१८ मध्ये ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं. त्याआधी २०१३ मध्ये डेक्स्ट्रोप्रॉपॉक्सिफीन नावाची, एके काळी घरोघरी ठाऊक असलेली वेदनाशामक गोळी सरकारने बंद केली होती. कायदा असा एकेका औषधाच्या मागे धावत असतो. दुखणारी कंबर मात्र तीच राहते.

'नसेच्या' गोळीबद्दल थोडक्यात. प्रीगॅबालिन मधुमेहात पायांची आग होते त्यावर, नागिणीनंतर राहणाऱ्या दुखण्यावर उपयोगी पडतं. कमरेतून पायात उतरणाऱ्या कळेवर ते आपल्याकडे सर्रास दिलं जातं, बहुधा बी-बारा जीवनसत्त्वाच्या भावंडासोबत. सिडनीतल्या संशोधकांनी नेमक्या याच दुखण्यावर ते तपासलं, आणि २०१७ मध्ये निष्कर्ष छापून आला की नुसत्या पिठाच्या गोळीपेक्षा त्याचा जास्त फायदा दिसला नाही. चक्कर मात्र जास्त आली. आईलाही चक्कर यायची. पाय सुजायचे. ओल्या अंगणात ती दोनदा घसरली तेव्हा आम्ही शेवाळाला दोष दिला. शेवाळ होतंच, पण ते दर पावसाळ्यात असतं.

असं वर्ष उलटलं. कळ थांबली होती. श्रावणात आईने स्वतःच ठरवलं. "आता बरा वाटता माका. गोळये कित्याक खाऊचे?" सुनेला सांगितलं नाही, मुलाला नाही, मला तर नाहीच. पट्ट्या डब्यात, डबा फडताळात. तिच्या हिशेबात हे शहाणपणच होतं. गोळी दुखण्यासाठी; दुखणं गेलं, गोळी गेली. आणि ज्या बाईने आयुष्यभर एकही औषध गरजेपेक्षा जास्त घेतलं नाही तिने दुसरं काय करायचं होतं?

दुसऱ्या दिवशी दुपारपासून तिला जांभया सुरू झाल्या. साध्या नाहीत, जबडा दुखेपर्यंत, एकामागून एक. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, शिंका. वहिनीला वाटलं सर्दी झाली, तिने गवती चहाचा काढा केला. रात्री घाम फुटला. गोधडी घेतली की उकाडा, काढली की हुडहुडी. हातावर काटा आला तो जाईना. वर्षभर ज्या पोटाने तिला छळलं होतं, इसबगोल आणि एरंडेल घेऊनही जे हलत नव्हतं, ते आता धरवेना. आणि पाय. पायांबद्दल ती आजही सांगते तेव्हा नकळत मांड्या चोळते. दुखत नव्हते, पण ठेवायला जागा सापडत नव्हती. लांब केले की आखडावेसे वाटायचे, आखडले की झाडावेसे. पहाटे तिने मला फोन केला आणि म्हणाली, "माझ्या पायांत कोण आसा गो?"

मी सकाळच्या एसटीने निघाले. पोचेपर्यंत घरात निदानं तीन झाली होती. आमच्याकडे श्रावण-भाद्रपदात अंगात कसर आली की पहिला संशय लेप्टोचा. सिंधुदुर्गात तो खोटाही नसतो. उंदरांच्या मुताने बाधलेल्या शेतातल्या पाण्यात उभं राहून लावणी करणाऱ्यांना तो होतो, माणसं दगावतात, म्हणून आशाताई पावसाळ्यात घरोघर डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या वाटत फिरतात. तेव्हा भावाचं म्हणणं लेप्टो. वहिनीचं म्हणणं आदल्या दिवशीची अळूची भाजी. आणि शेजारच्या काकूंनी मीठ-मिरच्या ओवाळून दृष्ट काढून चुलीत टाकलीही होती. मिरच्यांचा ठसका आला नाही म्हणजे दृष्ट लागलेलीच, असा शेराही देऊन झाला होता. आईला त्यातल्या कशाचंच भान नव्हतं. ती ओटीवर येरझारा घालत होती, आणि मधेच उगाच घाबरून माझा हात घट्ट धरत होती. घाबरणं हा तिचा स्वभाव नाही. वाडीत साप निघाला की बोलावतात ती हिला.

ग्रामीण रुग्णालयात त्या दिवशी ड्युटीवर एक पोरसवदा डॉक्टर होता, लातूरकडचा, बॉण्डवर आलेला. त्याने ताप पाहिला. नव्हता म्हणण्याइतकाच होता. नाडी जलद. टॉर्चने डोळे पाहिले, मग हातावरचा काटा पाहिला, मग खुर्ची ओढून आईच्या समोर बसला. "मावशी, कोणती गोळी चालू होती? अन् बंद कधी केली?" लेप्टोसाठी रक्त त्याने घेतलंच, पण उत्तर त्याला आधीच कळलं होतं. बाहुल्या मोठ्या, अंगावर काटा, जांभया, जुलाब, अस्वस्थ पाय. ट्रॅमाडॉल थांबवल्यावर साधारण अर्ध्या ते दोन दिवसांत हे सुरू होतं, दोन-तीन दिवस वाढत जातं, मग हळूहळू ओसरतं. काहींना याच्याही पुढचं होतं: कारण नसताना धसका, हातापायांना झिणझिण्या, कुणीतरी आपल्यावर पाळत ठेवतंय असा भास. ते त्या दुसऱ्या अंगाचं, सेरोटोनिनवाल्या अंगाचं देणं. त्यात आईने प्रीगॅबालिनही त्याच दिवशी सोडलेलं. तेही एकदम सोडायचं औषध नाही. झोप उडते, घाम येतो, जीव कासावीस होतो, आणि क्वचित, विशेषतः ज्याला आधीपासून फिटचा त्रास आहे त्याला, आकडी येऊ शकते.

असं का होतं ते त्याने आईला समजावलं नाही, बाहेर रांग होती. मी नंतर वाचून आणि विचारून घेतलं, आणि आईला तिच्या भाषेत सांगितलं. खाडीकाठी खारलँडचा बंधारा असतो. बंधारा धरून आहे तोवर आत भातशेती कोरडी दिसते, पण बाहेर भरतीचं पाणी त्याच्यावर रेटा देतच असतं. गोळी मेंदूतल्या जागं ठेवणाऱ्या, घाम आणणाऱ्या, छाती धडधडवणाऱ्या यंत्रणेला रोज दाबून धरते. ती यंत्रणाही मुकाट्याने बसत नाही. दाबाला दाब म्हणून आपला जोर वाढवत नेते. वर्षभर दोन्ही बाजू सारख्या राहतात म्हणून कुणाला काही कळत नाही. मग एका रात्रीत बंधारा काढून घेतला, की वाढलेला सगळा रेटा आत येतो. उघाडी, म्हणजे बंधाऱ्याची झडप, थोडी थोडी उघडली असती तर शेत वाचलं असतं. आईच्या माहेरच्या भाताच्या कुणग्यात असं खारं पाणी एकदा शिरलेलं आहे. तिला पटकन कळलं.

पण जे कळलं ते तिला आवडलं नाही. बराच वेळ गप्प बसून म्हणाली, "म्हंजे मी आता गर्दुला झालंय काय गो?"

या प्रश्नापाशी मला थांबावंसं वाटतं, कारण माझ्या मते सगळा गोंधळ इथे आहे. आमच्या गावात व्यसन म्हणजे दारू, आणि दारू म्हणजे कोणाचा तरी नवरा, कोणाचा तरी भाऊ, विकलेली काजूची बाग. त्या रांगेत आपण जाऊन बसलो असं आईला वाटलं. ते खरं नव्हतं. तिने कधी ठरल्यापेक्षा एक गोळी जास्त घेतली नव्हती, गोळीसाठी खोटं बोलली नव्हती, गोळी मिळावी म्हणून तळमळली नव्हती. उलट स्वतः होऊन सोडायला निघाली होती. शरीराला सवय लागणं ही शरीराची गोष्ट आहे. दीर्घकाळ हे औषध घेणाऱ्या कुणाच्याही, अगदी कीर्तनकाराच्याही शरीराला ती लागते. व्यसनात मन आणि वागणं गुंतलेलं असतं, नुकसान दिसत असूनही हात थांबत नाही. एकातून दुसऱ्यात जाणारे लोक असतात, थोडे नसतात, आणि अमेरिकेत त्याने केवढा अनर्थ केला ते आपण वाचतो. पण दोन्ही एकच मानलं की दोन बाजूंनी मरण. ज्याला नुसती सवय आहे तो लाजेने कुणाला सांगत नाही आणि एकट्याने, एका झटक्यात सोडायला जातो. आणि डॉक्टरलाही व्यसनाची भीती वाटली की तोही झटक्यात बंद करतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाला एप्रिल २०१९ मध्ये मुद्दाम बजावावं लागलं की या जातीची औषधं दीर्घकाळ घेणाऱ्यांची अचानक तोडू नका. त्यातून तीव्र त्रास, असह्य वेदना आणि आत्महत्या घडल्याच्या नोंदी त्यांच्याकडे आल्या होत्या.

लातूरच्या पोराने दोन्ही गोळ्या पुन्हा सुरू केल्या. हे ऐकून भाऊ चिडला. सुटलेली वस्तू पुन्हा कशाला? पण संध्याकाळपर्यंत आईचे पाय शांत झाले आणि ती जेवली. मग त्याने तिच्या केसपेपरच्या पाठीवर रेघा मारून तक्ता काढून दिला. आधी फक्त पांढरी लांबट कमी करायची, दर दोन आठवड्यांनी थोडी थोडी. ती पूर्ण सुटल्याशिवाय नसेच्या गोळीला हात लावायचा नाही. जमलं नाही तर त्याच पायरीवर थांबायचं, पण परत वर चढायचं नाही. जोडीला कमरेचे व्यायाम, आणि दुखलं तर पॅरासिटामॉल, तेही मोजून, कारण एकत्र गोळीत ते आधीच होतं आणि यकृताला त्याची मर्यादा आहे. वहिनीने तो तक्ता भिंतीवरच्या कॅलेंडरवर उतरवला. एकादशी, संकष्टी, आणि मधेच 'अर्धी'. गणपतीत सुरू केलेलं तुळशीच्या लग्नापर्यंत चाललं. प्रत्येक पायरीला दोन-चार दिवस वाईट जायचे, झोप तुटायची, आई कुरकुरायची, मग बसायचं. शेवटची अर्धी सोडताना तिला सगळ्यात जास्त जड गेलं. का ते मला नीट सांगता येणार नाही, पण ज्यांनी सोडलंय ते सगळे हेच सांगतात.

हे सगळं घडत असताना मी गावात कान उघडे ठेवून फिरू लागले, आणि घरोघरी डबे निघाले. बंदरावर दुखण्याच्या गोळीला कुणी औषध मानतच नाही. रापणीचं जाळं ओढून आलेले, ट्रॉलरवरून उतरलेले, चिऱ्याच्या खाणीत काम करणारे, सगळ्यांच्या खिशात काहीतरी. बहुतेकांकडे डायक्लोफिनॅक. त्याची सवय लागत नाही, जांभया येत नाहीत, म्हणून ते निरुपद्रवी असं समीकरण आहे. पण जठराला व्रण, वाढणारा रक्तदाब, हृदयाचा धोका, आणि मूत्रपिंडं. ज्यांना रक्तदाबाची गोळी लघवी वाढवणाऱ्या औषधाबरोबर चालू आहे आणि जे मेच्या उन्हात दिवसभर पाणी न पिता बागेत असतात त्यांची मूत्रपिंडं या तिसऱ्या गोळीने अचानक बसू शकतात. कोकणाला याचा पुरावा आकाशात मिळालेला आहे. डायक्लोफिनॅक टोचलेली गुरं मेल्यावर त्यांचं मांस खाणारी गिधाडं मूत्रपिंडं निकामी होऊन मेली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी शंभरातलं एकही धड उरलं नाही. २००६ मध्ये जनावरांसाठी ते बंद झालं. रायगडात म्हसळ्याजवळ चिरगावला गावकऱ्यांनी उरलेली गिधाडं जपली, त्याचं कौतुक झालं, ते व्हायलाच हवं. पण गिधाडाला जे एका जेवणात मारतं ते माणूस वर्षानुवर्षं बिनधास्त चघळतो, याची चर्चा पारावर होत नाही.

आणि पुडीतल्या गोळ्या. पट्टीबाहेर काढून कागदात बांधलेल्या, एक लाल, एक पिवळी, एक अर्धी पांढरी. नाव नाही, तारीख नाही. 'सांधेदुखीवर जालीम' म्हणून मिळणाऱ्या अशा पुड्यांत आणि चूर्णांत पुष्कळदा स्टिरॉइड असतं. दोन दिवसांत माणूस पळू लागतो, भूक वाढते, चेहरा गोल होतो, लोक म्हणतात तब्येत सुधारली. काही आठवडे ते चाललं की शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवणं थांबवतं. मग पुडी संपली की नुसतं दुखणं परत येत नाही. उलट्या, ग्लानी, रक्तदाब खाली, कधी जिवावर बेततं. ट्रॅमाडॉलच्या पट्टीवर निदान लाल चौकट तरी आहे.

याच्या अगदी उलट टोकाचा एक माणूस आमच्याच नात्यात होता. तोंडाचा कॅन्सर, परळला टाटामध्ये दाखवलेलं, बरं होण्यापलीकडे गेलेलं. तिथून मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या, चार-चार तासांनी, न चुकता. मुलगा त्या देत नव्हता. 'सवय लागेल' म्हणून. ज्या माणसाकडे फार तर काही महिने उरले होते त्याला सवय लागेल म्हणून. तो विव्हळायचा ते रस्त्यावर ऐकू यायचं. आपला देश अफू पिकवतो, नीमच आणि गाझीपूरला सरकारी कारखाने आहेत, आणि तरी अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्याच्या धाकाने रुग्णालयांतलं मॉर्फिन जवळजवळ नाहीसं झालं होतं. २०१४ मध्ये कायदा बदलून परवान्यांची गुंतागुंत कमी केली, पण माणसांच्या मनातला धाक कुठल्या दुरुस्तीने जाणार? म्हणून आईची गोष्ट सांगताना मला जपून बोलावं लागतं. ती ऐकून कुणी आपल्या घरातल्या कॅन्सरच्या रुग्णाची गोळी लपवू नये. त्याला सोडायची वेळ येणारच नाही. प्रश्न त्यांचा आहे ज्यांना औषधानंतरही बरीच वर्षं जगायचंय, पेट्या भरायच्यात, आणि ज्यांना सुरू करतानाच सांगायला हवं होतं की याला एक शेवट आहे आणि तो असा असा गाठायचा. दोन वाक्यांचं काम आहे. रांग कितीही लांब असो, दोन वाक्यांना वेळ होतो.

आईची कंबर आता अधूनमधून दुखते. व्यायाम ती करते, पण कुणी बघत असेल तरच. पेट्या स्टुलावर बसून भरते आणि त्यात मजा नाही म्हणते. उरलेल्या पट्ट्यांचं काय करायचं हा प्रश्न मात्र बरेच दिवस लोंबकळत राहिला. ओहोळात टाकायच्या नाहीत, खाली विहीर आहे. मेडिकलवाला परत घेईना. तेवढ्यात दृष्ट काढणाऱ्या काकूंना बातमी लागली. त्यांचे गुडघे गेलेत. त्या सरळ येऊन म्हणाल्या, "तुमका नको तर माका देवा. फुकट कित्याक घालवतास?"

काकूंना गेली काही वर्षं मनाच्या आजाराची गोळी चालू आहे, आणि ती सेरोटोनिनवरच काम करते. दोन्ही एकत्र झाल्या तर ताप, कंप, आकडी, काहीही होऊ शकतं. आईला एवढं सगळं सांगता येईना, आणि मनाच्या गोळीचा उल्लेख चारचौघांत करायचा नाही एवढं तिला कळतं. तिने फक्त नाही म्हटलं. मग पट्ट्या ग्रामीण रुग्णालयात नेऊन त्या डॉक्टरच्या टेबलावर ठेवल्या, आणि आंब्याची पेटी. पेटी तो घेत नव्हता, तिने घ्यायला लावली.

काकू अजून बोलत नाहीत. ताक न्यायलाही नातवाला पाठवतात.